बिनपावतीची गुलबक्षी

केदारखेड्यात सकाळी गुलबक्षीला भेटायला जाऊ नये. त्या वेळी ती कुणाचीच नसते. रात्रभर जागलेली फुलं आपल्याच देठाशी गोळा होऊन लोंबत असतात, पानांवर रस्त्याची धूळ असते, आणि परडी घेऊन निघालेली आजी तिच्याकडे न बघता सरळ जास्वंदीकडे जाते. भेटायचं तर दिवस कलल्यावर. पोरं दप्तरं टाकून पुन्हा बाहेर पळालेली असतात, जालना-भोकरदन रस्त्यावर बाजार करून आलेल्या बाया पिशव्या सांभाळत गाडीतून उतरत असतात, पूर्णा नदीकडच्या शेतांतून माणसं घराकडे वळलेली असतात. अशा वेळी, साडेचार-पाचच्या सुमाराला, न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेल्या त्या हिरव्या झुडपात पहिली कळी आपला पीळ सोडते. मग दुसरी, मग तिसरी. त्यानंतर कोण आधी नि कोण मागून हे सांगता येत नाही. दिवेलागण होईतो सगळं झुडूप तयार होऊन दारात उभं असतं.

तिचं घड्याळ उजेडावर आणि उष्णतेवर चालतं. ऊन उतरलं, हवा जरा निवली, की तिला कळतं. ऊन रेंगाळलं तर ती उशिरा येते. श्रावणात आभाळ भरून आलं की लवकर येते, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य दिसला नाही तर सकाळ बरीच वर येईपर्यंत तशीच बसून राहते. राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या आदल्या रात्री भोकरदनकडून पायी जाणारी माणसं या रस्त्याने जातात, तेव्हा ती जागीच असते. संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत जेवायचं नाही म्हणून अंगणात येऊन पुन्हा पुन्हा पूर्वेकडे बघणाऱ्या घरात तर रात्रीच्या त्या वेळेला टवटवीत अशी तीच एकटी.

गावात कुणी गुलबास म्हणतं, कुणी गुलबक्षी. दोन्हींना ती ओ देते.

ओळख पटवायची तर आधी खोड बघावं. झुडूप मांडीपासून कमरेपर्यंत उंच, खूप फांद्यांचं. फांद्यांचे सांधे सुजल्यासारखे फुगीर, आणि फांदी इतकी ठिसूळ की पोराचा चेंडू लागला तरी मोडते. पानं समोरासमोर, तळाशी रुंद, टोकाला निमुळती. फुलाची नळी लांब आणि बारीक, वर तिचं पाच कोपऱ्यांचं कर्ण्यासारखं तोंड, त्यातून बाहेर डोकावणारे पाच केसर. फूल गळालं की खालच्या हिरव्या वाटीत एकच बी उरतं. एका फुलाला एक, जास्त नाही. आधी हिरवं, मग काळं, सुरकुतलेलं, मिऱ्याएवढं, अंगावर पाच उभ्या कडा. बी वाळलं की वाटीत नुसतं ठेवलेलं असतं. बोट लागलं की पडतं.

या बाईचं पहिलं गुपित असं की तिला पाकळ्याच नाहीत. शाळेत फुलाचे भाग शिकवताना निदलपुंज हिरवा आणि दलपुंज रंगीत असं सांगतात. गुलबक्षीने ते मानलेलं नाही. तिचा तो गुलाबी-पिवळा कर्णा म्हणजे निदलपुंजच. आणि खालची हिरवी वाटी, जी निदलपुंज वाटते, ती निराळ्या छोट्या पानांची बनलेली आहे. घराण्याचीच ही खोड दिसते. कुंपणावरची बोगनवेल तिच्या कुळातली. तिथे फुलं बारीक पांढुरकी, आणि सगळा थाट भोवतीच्या रंगीत पानांचा. बांधावर जमिनीलगत पसरणारी पुनर्नवा, जिला आपण घेटुळी म्हणतो आणि पावसाळ्यात जिची भाजी करतो, तीही याच घरची, पण रंगढंगाला गरीब. गुलबक्षीचा रंगही जास्वंदी-गुलाबाच्या जातीचा नाही. तो बीटाच्या रंगाच्या जातीचा आहे. फुलं चुरगळणाऱ्या पोरीच्या बोटांवर तो उतरतो. साडीच्या दुकानात मात्र ‘गुलबक्षी दाखवा’ म्हटलं की दुकानदार बरोबर तोच गठ्ठा काढतो. त्या साडीत या फुलाचा एक थेंबही नसतो, पण नाव तिचं चालतं. तिच्या पिवळ्या रंगद्रव्यावर निळा उजेड टाकला की ते हिरवट चमकतं, हे स्पेनमधल्या मुर्सिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. केदारखेड्यात ते कुणाला दिसायचं नाही. साड्यांच्या दुकानात तर नाहीच.

रात्री फुलणारी ती एकटी नव्हे; गावातल्या अंगणांत तिच्या बरोबरीच्या आणखी चारजणी सहज भेटतात, आणि नवख्या माणसाची गल्लत होऊ शकते. रातराणीची फुलं बारीक, हिरवट पांढरी, दिवसा नजरेतही भरत नाहीत. रात्री मात्र गल्लीच्या टोकाला कळतं कुणाच्या दारात रातराणी आहे. ती मिरची-वांग्याच्या कुळातली, म्हणजे पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात जी हिरवी मिरची ढिगांनी येते तिची लांबची नातेवाईक. तिच्या वासाला साप येतो असं म्हणतात आणि बऱ्याच घरांनी त्या भीतीने ती उपटून टाकली. वासाचा आणि सापाचा संबंध नाही. दाट झुडपाखाली पालापाचोळा साठला की उंदीर-बेडूक येतात, आणि त्यांच्या मागे साप येऊ शकतो, मग झुडूप रातराणीचं असो की कशाचंही. निशिगंधाच्या उभ्या दांडीवर कळ्या खालून वर उमलत जातात. तो हारवाल्यांचा माणूस, अंगणापेक्षा मळ्यात जास्त. ब्रह्मकमळ म्हणून कुंडीत वाढतं ते निवडुंगाच्या कुळातलं. त्याचं जे ‘पान’ आपण मातीत खोचतो ते चपटं झालेलं खोड असतं, आणि हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाशी, उत्तराखंडाच्या राज्यपुष्पाशी, त्याचं काही नातं नाही. तरी ते उमलायच्या रात्री शेजाऱ्यांना बोलावणं जातं, हळदकुंकू वाहिलं जातं, चहा होतो, मोबाइलवर फोटो निघतात. पाचवा प्राजक्त. तो संध्याकाळी उमलतो आणि पहाटे सडा घालून मोकळा होतो. त्याचं जमिनीवर पडलेलं फूलही देवाला चालतं.

आता गंमत बघा. या पाचांतला एकटा प्राजक्त इथला. गुलबक्षी, निशिगंध, ब्रह्मकमळ, रातराणी, चौघींचं माहेर अमेरिका खंडात, मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या उष्ण मुलखात. गुलबक्षी सोळाव्या शतकात समुद्र ओलांडून युरोपात गेली, तिथे तिला पेरूचं आश्चर्य म्हणू लागले, आणि १७५३ साली लिनियसने तिच्या नावातच ‘आश्चर्यकारक’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द घातला. नावातला दुसरा शब्द चुकीचा पडला: तिच्या मुळापासून जलाप नावाचं जुलाबाचं औषध निघतं असा समज होता, ते औषध दुसऱ्याच वेलीचं निघालं. नाव तसंच राहिलं. एवढा प्रवास केलेली बाई केदारखेड्यात न्हाणीच्या पाण्यावर उभी आहे, आणि गावाला ती पणजीच्या पणजीने लावलेली वाटते. माझं मत विचाराल तर गावाचंच बरोबर आहे. चार पिढ्या दारात उभं राहिलेल्याला गाव आणखी काय विचारणार?

पण ब्रह्मकमळाला जो मान, तो गुलबक्षीला कधी मिळाला नाही. वर्षातून दोन-चार रात्री फुलणाऱ्याची आरती होते. जून-जुलैपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत रोज संध्याकाळी न चुकता येणारीला कोण ओवाळतो? शिवाय पूजा सकाळची, आणि सकाळी ही मिटलेली. तिची वेळ चुकली असं देव्हारा म्हणेल. तिचं म्हणणं असं असावं की देव्हाऱ्याची चुकली.

तिचा खरा मान पोरींकडे. गुलबक्षीची वेणी करायला सुईदोरा लागत नाही. नळीसकट फुलं हिरव्या वाटीतून अलगद उपसायची, आणि त्या लांब नळ्याच एकीत एक गुंफत जायच्या. वीत-दीड वीत वेणी झाली की ती केसांत, नाहीतर भावलीच्या गळ्यात. दुसरा उद्योग कानातल्यांचा. खालची हिरवी गाठ हळूच ओढली की आतला बारीक दोरा बाहेर येतो आणि फूल त्याला लोंबकळतं. गाठ कानाच्या भोकाशी अडकवली की झाले झुबे. पोरगी मान हलवत घरभर फिरते. तासाभरात ते सगळं मलूल होतं, पण पोरींना तासाभराच्या पुढचं लागतं कुठे? मुलगे फुलाची पिपाणी करू बघतात आणि ती बहुधा वाजत नाही.

घरातली मोठी माणसं तिच्याकडे वळतात ती गळू झाल्यावर. पानाला तेल लावून, तव्यावर जरा गरम करून गळवावर बांधायचं. गळू पिकून फुटतं म्हणतात. ही घरगुती रीत झाली. पण ती पोटात घ्यायची वस्तू नव्हे. बी आणि कंद खाल्ले तर उलट्या-जुलाब होतात, आणि मिऱ्यासारखं दिसणारं बी रांगत्या पोराच्या हाती लागतं, म्हणून बी पडायच्या दिवसांत तिच्या बुडाशी झाडून घ्यावं. बी फोडलं तर आत पांढरं पीठ निघतं. जपानात एके काळी ते तोंडाला पावडर म्हणून लावत, आणि तिथे तिचं नावही त्या पावडरीवरूनच पडलेलं आहे.

दिवे लागल्यावर तिचे पाहुणे सुरू होतात. मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात, आणि इतक्या लांब नळीच्या तळाचा मध त्यांच्या जिभेला पोचतही नाही. येतो तो एक जाडजूड राखाडी पतंग. तो फुलावर बसत नाही. हवेत एका जागी तरंगत राहतो, पंख दिसेनासे होतात, आणि स्वतःच्या अंगापेक्षा लांब सोंड उलगडून नळीत घालतो. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज आली की बॅटरी घेऊन पाणी भरायला निघालेल्या माणसाला तो दारातच दिसतो, फुलाफुलाशी एक-एक क्षण थांबणारा. तोच माणूस दिवसा मुगा-उडदावर, नाहीतर रताळ्याच्या वेलावर, शेपटीशी शिंग असलेली बोटाएवढी अळी दिसली की पायाखाली घेतो. ती अळी याच पतंगाची. एकाच घराचं दिवसा वैर आणि रात्री आदरातिथ्य चालतं, आणि दोन्ही बाजूंना त्याचा पत्ता नाही. गुलबक्षी तिच्या बाजूने तयारीत असते: तिचा वास संध्याकाळी, पाहुण्यांच्या वेळेलाच, सगळ्यात जास्त सुटतो. रातराणीसारखा तो अंगावर येत नाही. जवळ जाऊन वाकावं लागतं.

आणि पाहुणा आलाच नाही तर? कपाशीवर फवारण्या चालू असल्या, किंवा वारा सुटला, तर पतंग येत नाही. गुलबक्षी हातपाय गाळत नाही. पहाटे फूल मिटायला लागतं तेव्हा लांब केसर आणि मधला दांडा एकमेकांभोवती वळत, गुंडाळत आत येतात, आणि त्या गुंडाळण्यात स्वतःचेच पराग स्वतःला लागतात. बी धरतं. सकाळी जे चुरगळलेलं, मेलेलं फूल दिसतं, ज्याच्याकडे आजीने पाहिलं नाही, त्याच्या आत हे काम नुकतंच उरकलेलं असतं.

तिचे परागकण इतके मोठे की नीट पाहिलं तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. या मोठेपणामुळे ती एका मोठ्या माणसाच्या हाती लागली. ग्रेगर मेंडेल म्हटलं की वाटाणा आठवतो, पण वाटाण्यानंतर त्याने गुलबक्षीही धरली होती. त्या काळी काही शास्त्रज्ञांचं मत होतं की एक बी धरायला एकाहून जास्त परागकण लागतात. डार्विननेही ते उद्धृत केलं होतं. मेंडेलने गुलबक्षीच्या फुलावर मोजून एकच कण ठेवला. तसं करून त्याला १८ चांगल्या बिया मिळाल्या, आणि त्यांतून झाडंही आली, असं त्याने १८७० साली नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रातून कळवलं. एका फुलात एकच बी, आणि कण डोळ्यांना दिसेल एवढा: या प्रयोगाला तिच्याइतकं सोयीचं दुसरं कोण मिळणार होतं? वाटाण्याला कीर्ती मिळाली. हिला पत्रातल्या चार ओळी.

पुढे १९०० साली मेंडेलचे नियम ज्यांनी नव्याने उजेडात आणले त्या तिघांतला एक कार्ल कोरेन्स. त्याने तर गुलबक्षीशी घरोबाच केला. लाल आणि पांढरी यांचा संकर केला तर मुलं लालही नाहीत, पांढरीही नाहीत, गुलाबी. त्या गुलाबींच्या पोटी पुन्हा चारात एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरी. बारावीच्या जीवशास्त्रात ‘अपूर्ण प्रभावित्व’ म्हणून हेच उदाहरण येतं, आणि केदारखेड्यातून भोकरदनला किंवा जालन्याला कॉलेजात जाणारी पोरं ‘मिराबिलिस जलापा’ हे नाव पाठ करतात. वहीत तीन गोल, त्यांखाली एकास दोनास एक. परीक्षेत गुण मिळतात. ते नाव ज्या झुडपाचं, त्याच्यावर सायकल टेकवून पोरगा घरात गेलेला असतो.

१९०९ साली कोरेन्सने तिचं आणखी एक अंतरंग मांडलं. तिच्या एका जातीला चट्ट्यापट्ट्यांची पानं येतात. एकाच झाडावर एक फांदी हिरवी, एक पांढुरकी, एक चट्टेरी. हिरव्या फांदीवरच्या फुलाला पराग कुठल्याही फांदीचे लावा, रोप हिरवंच. पांढऱ्या फांदीच्या बीचं रोप पांढरं, आणि अन्न तयार करता येत नाही म्हणून लवकरच मरणारं. चट्टेरी फांदीच्या पोटी तिन्ही तऱ्हा. बापाचा इथे काही संबंधच नाही; पानातला हिरवा रंग आईच्या पेशीतून येतो. ‘खाण तशी माती’ हे आपल्या बायका कधीपासून म्हणतात. कोरेन्सने त्याचा तक्ता केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डोरोथिआ मॅरियट या बाईंनीही गुलबक्षीच्या रंगांच्या संकराचे निष्कर्ष छापले. रंगांचं गणित त्या एकास दोनास एकपेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे. पिवळी आणि पांढरी शेजारी लावली तर त्यांच्या पोटी कधी कधी चक्क राणी रंगाची निघते, कारण पांढरी वरून पांढरी असली तरी पोटात लाल बाळगून असते. शिवाय काही जनुकं तिच्यात स्थिर नाहीत. फूल वाढत असतानाच ती मध्येच चालू होतात, मध्येच बंद. म्हणून एका झाडावर एक फूल पिवळं, एक गुलाबी, एक निम्मं-निम्मं, आणि एकावर ब्रश झटकल्यासारखे शिंतोडे.

हे सगळं जालना जिल्ह्यात सांगायला मला विशेष वाटतं. हा बियाण्यांचा जिल्हा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली ती याच कंपनीच्या वाणांना. आजही भोकरदनच्या बाजूला शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचं बीजोत्पादन चालतं, आणि ‘क्रॉसिंग’ हा शब्द इंग्रजी न शिकलेल्या बाईच्याही तोंडी आहे. संकरित कपाशीच्या प्लॉटवर संध्याकाळी बाया उद्या उमलणारी कळी हेरतात, अंगठ्याच्या नखाने तिची साल फिरवून पुंकेसर काढून टाकतात, कळी झाकून खूण करतात, आणि सकाळी तिच्यावर दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग फिरवतात. कोरेन्स गुलबक्षीवर जे करत होता ते हेच काम. फरक इतका की त्याचं नाव पुस्तकात आलं, आणि बाईची हजेरी मुकादमाच्या वहीत लागते.

मृग जवळ आला की कृषी विभाग दरवर्षी सांगतो: बियाणं पक्क्या पावतीवर घ्या, पावती, पिशवी, टॅग आणि थोडं बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा, नाही उगवलं तर तक्रार करता येते. घराघरांत कपाटाच्या वरच्या फळीवर, नाहीतर देवाच्या फोटोमागे त्या पावत्या असतात. आणि दरवर्षी नवं बियाणं का घ्यायचं, घरची सरकी का पेरायची नाही, याचं उत्तर कुणी विचारलं तर ते दारातच उभं आहे. गुलाबी गुलबक्षी ही संकरित. तिचं बी धरून पेरलं तर सगळ्या गुलाबी निघत नाहीत. आजी-आजोबा परत डोकं वर काढतात. संकरित कपाशीच्या पोटचं बी पेरलं तर शेतातही हेच होतं: एक झाड उंच, एक बुटकं, एकाला बोंडं, एकाला नुसता पाला. शेतात जे नुकसान, ते न्हाणीपाशी कौतुक होतं. ‘औंदा बघ कसे रंग निघाले’ म्हणून शेजारीण बोलावली जाते. कारण उघड आहे, गुलबक्षीवर कुणी कर्ज काढलेलं नाही. तिची पावती नाही, टॅग नाही, भाव नाही. बी पडतं, पावसाच्या पाण्याबरोबर घरंगळतं, आणि पुढच्या वर्षी जिथे अडेल तिथे उगवतं.

लावायचं म्हटलं तर तिच्यासाठी फार करायचं नाही, हेच काय ते करायचं. बी रात्रभर पाण्यात भिजवून मृगाच्या पावसानंतर बोटाच्या पेरभर खोल दाबावं. आठवडा-पंधरवड्यात जाड दोन दलं वर येतात. दोन रोपांत हातभर जागा सोडावी, नाहीतर पुढे एकमेकींच्या अंगावर पडतात. ऊन हवं, दुपारी जरा सावली आली तर हरकत नाही. काळ्या भारी जमिनीत पाणी साचलं की कंद सडतो, म्हणून जागा थोडी उंचवट्याची बघावी. खत घालायचा मोह टाळावा. युरियाचा चमचा पडला की नुसती पानं माजतात. शेंडा एकदा खुडला की झुडूप पसरतं, फुलं वाढतात. हव्या त्या रंगाची खात्रीच हवी असेल तर बी न लावता कंद लावावा: पावसाळा संपून झाड सुकलं की कंद उकरून, कोरड्या मातीत ठेवून, पुन्हा लावता येतो, आणि कंदातून आलेली गुलबक्षी आपला रंग बदलत नाही.

हा कंद हीच तिची जमाखर्चाची पेटी. जालन्याचा उन्हाळा ४२ अंशांच्या वर जातो, काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात, वर काडी शिल्लक राहत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात तर या जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या. टँकरची वाट बघणाऱ्या घरात फुलझाडाला पाणी कोण घालणार? न्हाणीलाच पाणी नाही तिथे सांडपाणी कुठलं? अशा वेळी ती वरचं सगळं सोडून देते आणि खाली, मुळ्याहून जाड अशा त्या कंदात, गप्प बसून राहते. पाऊस पडला की तिथूनच फुटते. जिला नको असेल तिने मात्र वेळीच उपटावी, कंदासकट. कारण दोन-तीन वर्षांत ती न्हाणीपासून गोठ्यापर्यंत आणि तिथून शेजारच्या अंगणात पोचते, आणि मग दोन घरांत कुणाची कुणी लावली यावरून बोलणं निघतं. तिच्या स्वभावातला हा एक दोष मान्य करायलाच हवा: तिला हद्द कळत नाही.

बियांची देवघेव बायकांतच चालते, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या पुडीत. पुडीवर कुणीतरी पेन्सिलने रंग लिहिलेला असतो. श्रावणातल्या एका संध्याकाळी हौदापाशी असं बोलणं सहज कानावर येतं:

“मावशी, तुमी पिवळी म्हणून दिल्ती. आली तं राणी कलरची!”

“कोनती पुडी पेरली?”

“तुमीच लिव्हलेली की. पिवळी म्हणून.”

“झाड पिवळंच होतं माय. बी काढलं मी सोता.”

“मंग हे काहून झालं असं?”

“मला काय इचारती, तिला इचार.”

“आता उपटू का ऱ्हाऊ देऊ?”

“ऱ्हाऊ दे की. बी धरलं का चार बिया मला दे. माझ्याकडली राणी गेल्या साली मोडली.”